पार्लर, सलून, धोबी, मोलकरीण यांवर घरं किती खर्च करतात यावरून त्या भागाची आर्थिक परिस्थिती कळते का?

कळते, पण अर्धवट. आणि नुसता एकूण आकडा बघून बोलणाऱ्यांचं मला काही सांगू नका, एक नमुना घरातच आहे. मी लातुरात पार्लर चालवते. आमचे भाऊजी कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवतात, त्यांचं म्हणणं पार्लर म्हणजे चैन, दुष्काळ पडला की बायका आधी हाच खर्च तोडतात, म्हणून जिल्ह्याचं कसं चाललंय ते पार्लरच्या गल्ल्यावरून ओळखावं.

२०१६ चा उन्हाळा घ्या. मिरजेहून जलदूत रेल्वेने पाणी यायला लागलं होतं, एप्रिलमधली पहिली खेप पाच लाख लिटरची. त्या महिन्यात माझा गल्ला निम्म्यावर आला हे खरंय. मी तेव्हा हायड्रॉलिक खुर्चीसाठी मुद्राचं शिशू लोन, म्हणजे छोट्या धंद्याचं सरकारी योजनेतलं कर्ज, काढायचं म्हणत होते, तर भाऊजींनी लगेच सासऱ्यांच्या कानावर घातलं की लोकांकडे पैसाच नाही, वहिनींना थांबवा. अहो, पण कमी काय झालं ते तरी बघायचं! हेअर स्पा बंद, मेंदी बंद, हेअर कलर बंद, कारण केस धुवायला पाणी कुठून आणू, टँकरचं पाणी घरात प्यायला ठेवू का बेसिनमध्ये ओतू? आयब्रोला काय लागतं, दोरा आणि पावडर, ते रोजच्यासारखं चालू होतं. एक शिक्षिका बाई भाचीच्या लग्नाआधी फेशियलला आल्या त्या घरून पाण्याची कळशी भरून घेऊन, स्कूटीवर पायात धरून, आणि पैसे पूर्ण दिले, घासाघीस सुद्धा नाही. म्हणजे पैसा होता, पाणी नव्हतं. हे वहीत आयटमवार लिहिलेलं होतं, पण वही बघायला कोणी मागितली नाही.

आता सरकारी आकड्यांचं. २०२३-२४ च्या कुटुंब खर्चाच्या पाहणीत देशात माणशी महिन्याचा सरासरी खर्च खेड्यात ४,१२२ आणि शहरात ६,९९६ रुपये आला, हे सगळे सांगतात. पण सेवांचा गट उघडून बघा. आधीच्या, २०११-१२ च्या पाहणीत न्हावी-ब्युटिशियन, लाँड्री, शिंपी, भटजी, दळण आणि मोबाईलचं बिल सगळं एकाच गटात होतं. मग गट वाढला तर लोकांनी फेशियल केलं का रिचार्ज मारला? महागाईचं तर विचारूच नका, २०१२ बेसच्या, म्हणजे २०१२ च्या भावांशी तुलना करणाऱ्या, महागाईच्या निर्देशांकात वैयक्तिक निगेच्या गटात सोनं-चांदी पण बसवलं होतं, सोनं भडकलं की गट भडकायचा आणि पेपरात वाचणाऱ्याला वाटायचं कटिंग महागली. भाऊजी यावर लिपस्टिक इंडेक्स काढतात, म्हणजे मंदीत बायका लिपस्टिक जास्त घेतात वगैरे. ती दुकानातली वस्तू आहे हो, घेऊन पर्समध्ये ठेवता येते. वाढलेली आयब्रो ठेवता येत नाही.

मला विचाराल तर खर्च किती झाला यापेक्षा बाईच्या पार्लरच्या दोन खेपांत किती दिवस गेले ते बघा. हात आखडला की बाई पार्लर सोडत नाही, तीन आठवड्यांनी यायची ती दीड महिन्याने येते, फेशियलवरून क्लीनअपवर येते आणि "पुढच्या वेळी देते" म्हणते. शिंप्याकडे पण तेच, नवीन ब्लाऊज कमी आणि फिटिंग करून घेणं जास्त. उधारीची वही आणि दोन खेपांतलं अंतर, एवढं कुठल्याही तालुक्यात विचारलं तरी बरंच कळेल, त्याला पीएचडी लागत नाही.

हां, हे सगळं शहरातलं. त्याच वर्षी आजूबाजूच्या खेड्यांतली ब्रायडलची, म्हणजे नवरी सजवायची, कामं गेली ती मात्र पैशानेच गेली, सोयाबीन हातचं गेलेलं, लग्नं पुढे ढकललेली, तेवढ्यापुरतं भाऊजींचं बरोबर होतं असं म्हणा. शिवाय लातुरात क्लासेसच्या पोरी बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात, त्या खर्च इथे करतात आणि पैसा नांदेड-बीडच्या घरातून येतो, तो कोणत्या जिल्ह्याच्या नावावर धरायचा ते तुम्हीच ठरवा. मोलकरणीचं मला फारसं माहीत नाही, माझ्याकडे कधी नव्हती.

आणि भाऊजी हे वाचत असतील तर एक सांगते. जाऊबाई इतकी वर्षं फेशियल माझ्याकडेच करतात, घरच्यांकडून मी पैसे घेत नाही, त्यामुळे तुमच्या घरचा हा खर्च कुठल्याच पाहणीत येणार नाही.