ओळख नसलेल्या नेत्यासाठी रडू येतं का?

तुम्ही विचारलंय, कधी भेटही न झालेला राजकारणी गेल्यावर घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं आहे का. हो, दोनदा.

पहिल्यांदा 1 एप्रिल 1989 ला, एस. एम. जोशी गेले तेव्हा. मी अकरा वर्षांचा होतो आणि दुःख खरं तर वडिलांचं होतं. आई ताट वाढून थांबली होती, ते नुसते "भूक नाही गं" म्हणाले. मी विचारलं, "आपले कोण लागायचे ते?" तर म्हणाले, "माझं पहिलं मत त्यांना होतं." 1967 साली पुण्याने एस. एम.ना लोकसभेत पाठवलं, तेव्हाची गोष्ट. पेपरातला फोटो त्यांनी कापून टेबलाच्या काचेखाली सरकवला. काच बदलली, फोटो अजून आहे.

दुसऱ्यांदा 2 एप्रिल 2018 ला, भाई वैद्य गेले तेव्हा. पुण्याचे महापौर, आणीबाणीत 19 महिने तुरुंगात, पुढे गृहराज्यमंत्री. पोलिसांची हाफ पँट जाऊन फुल पँट आली ती त्यांच्याच काळात. पण माझ्या मनात ठसलेली गोष्ट वेगळी आहे. तस्करांनी तीन लाखांची लाच देऊ केली, तर भाईंनी ती पकडून दिली. त्या काळचे तीन लाख!

माझा मुलगा शाळकरी वयातच म्हणायला लागला होता, "बाबा, सगळे पुढारी सारखेच." मी लगेच म्हणायचो, "नाही रे, भाई आहेत ना." त्या रात्री पहिल्यांदा "होते" म्हणावं लागलं आणि माझा आवाज फुटला. माझ्यापुरतं ते दुःख एवढंच आहे: बोट दाखवायला असलेला माणूस गेला.

दुसऱ्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या साने गुरुजी स्मारकात दर्शनाला गेलो. ऊन चढलेलं. रांगेत माझ्यापुढचे गृहस्थ म्हणाले, "असा माणूस पुन्हा होणे नाही." मागे एक सत्तरीच्या बाई होत्या. खांद्याला कापडी पिशवी, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात निशिगंधाच्या चार काड्या. त्या म्हणाल्या, "अहो, होतात की. निवडणुकीला उभे राहतात, आपण मत दुसऱ्याला देतो. डिपॉझिट गेलं की मग म्हणतो, होणे नाही." कोणी काही बोललं नाही. मलाही मान वर करवेना.

कारण त्याआधी काही वर्षं नवी पेठेतल्या एस. एम. जोशी सभागृहात मी भाईंना ऐकायला गेलो होतो. विषय शिक्षणाच्या बाजारीकरणाचा. खुर्च्या भरपूर, माणसं मोजून पंचवीस. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण सभागृह गच्च भरल्यासारखा मन लावून बोलत होता. फी, अनुदान, गरिबाच्या पोराने जायचं कुठे, सगळं मुद्द्याला धरून. मी मागच्या रांगेत होतो. संपल्यावर जाऊन नमस्कार करायचा, मुलाला घेऊन घरी येऊ का विचारायचं, असं ठरवलं होतं.

साडेआठची बस होती. भाषण संपायच्या आधीच मी उठलो.