मुलगा वयात येतोय, टेन्शन घेऊ नकोस

अगं आवाज फाटला, पुरळ आलं म्हणून लगेच डॉक्टर कशाला, मुलांमध्ये हे साधारण 9 ते 14 वयात कधीही सुरू होतं, वर्गात एक ताडमाड नि दुसरा अजून लहानच दिसतो, दोन्ही नॉर्मल. होतं काय की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला सिग्नल देतो, तिथून एलएच, एफएसएच ही हार्मोन्स रक्तात येतात नि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं, मग आवाज, मिसरूड, खांदे सगळं त्यामागून. घामाच्या वासात किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथींचाही हात असतो (सिंहगडावरून आला की सॉक्स दाराबाहेर!)

एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. बऱ्याच मुलांना निपलखाली छोटी दुखरी गाठ येते, पोरं लाजून टिळक टँकला पोहायला जायचंच बंद करतात, घरी काही सांगत नाहीत. इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) नि टेस्टोस्टेरॉनचा तोल तात्पुरता बिघडल्यामुळे होतं ते, बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, त्याला आधीच सांगून ठेव, तुला जमत नसेल तर त्याच्या बाबांना बसव.

9 च्या आधीच सुरू झालं किंवा 14 संपेपर्यंत काहीच नाही, तर मात्र पेडियाट्रिशियनना दाखव. आणि पुरळावर मेडिकलमधून कुठलंही स्टेरॉइडवालं क्रीम आणू नकोस हां, त्याने उलट वाढतं.