मुंबईतल्या मीटअपच्या बॅनरवर आणि टी-शर्टवर ओपन सोर्स फाउंडेशनचा लोगो वापरायचा असेल तर काय काळजी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचा गट मुंबईत कुबरनेटीसवर (सर्व्हरवर ॲप्स चालवायचं-सांभाळायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) दिवसभराचा मीटअप घेतोय, बॅनर, स्टँडी आणि टी-शर्ट करायचे आहेत. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, मग लोगोही मोकळा धरायचा का? आणि छापखान्यात नेमकी कोणती फाइल पाठवायची?

लोगो मोकळा नसतो. कार्यक्रम कशाबद्दल आहे हे सांगायला नाव लिहिण्यासाठी सहसा कोणाला विचारावं लागत नाही. लोगो जसाच्या तसा लावायचा तर त्या फाउंडेशनच्या नियमावलीत तो वापर बसतो का ते पाहावं लागतं. आणि लोगोत फेरफार करून गटाचं चिन्ह बनवायचं, प्रोजेक्टचं नाव नुसत्या वर्णनासाठी न वापरता कार्यक्रमाचा ब्रँड म्हणून वापरायचं किंवा टी-शर्ट विकायचे असतील, तर आधी लेखी परवानगी घ्या.

कारण कोडचं लायसन्स कॉपीराइटचं असतं आणि नाव-चिन्ह ट्रेडमार्कमध्ये येतं. कुबरनेटीसचा कोड अपाचे लायसन्स २.० खाली आहे, आणि त्याच लायसन्सच्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की यातून ट्रेडमार्क वापरायचा हक्क मिळत नाही. जीपीएल या दुसऱ्या ओपन सोर्स लायसन्सच्या आवृत्ती ३ मध्ये, कलम ७ खालीही ट्रेडमार्कचे हक्क राखून ठेवण्याची सोय आहे. एमआयटी लायसन्स याबद्दल काहीच बोलत नाही, पण न बोलणं म्हणजे परवानगी नव्हे. हापूसचं कलम कोणीही लावावं. पेटीवर ‘देवगड’ छापायचं तर आंबा देवगडचाच लागतो. हा वाद किती ताणला जाऊ शकतो ते डेबियन (लिनक्सवर आधारलेली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) आणि फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी मोझिला यांच्यात दिसलं. फायरफॉक्सचा लोगो मुक्त लायसन्सखाली नव्हता म्हणून डेबियन तो देत नव्हतं. मोझिलाचं म्हणणं, नाव वापरायचं तर लोगोही हवा आणि बदलांना आमची संमतीही हवी. शेवटी २००६ पासून २०१६ पर्यंत डेबियनवर तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने मिळत होता.

प्रत्येक फाउंडेशनचे नियम वेगळे, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका. डेबियनचे दोन लोगो आहेत. भोवऱ्यासारखा लाल वळसा सगळ्यांना खुला आहे; बाटलीतून निघणारा वळसा फक्त अधिकृत कामासाठी. लिनक्सचं बोधचिन्ह असलेला टक्स पेंग्विन लॅरी ईविंग यांनी १९९६ मध्ये काढला. श्रेय दिलंत तर त्यात बदलही करता येतात. रेने फ्रेंच यांनी काढलेल्या गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या बोधचिन्हाचं, म्हणजे गोफर या प्राण्याचंही तसंच, तो क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या लायसन्सखाली आहे. म्हणजे गोफरला फेटा बांधा, हातात लेझीम द्या, श्रेय लिहिलं की झालं. मात्र ‘गो’ ही अक्षरं असलेला लोगो वेगळा, त्याला ही मोकळीक नाही. कुबरनेटीसच्या सात आऱ्यांच्या सुकाणूचाही फेटा बांधायचा विचार करू नका: तो लिनक्स फाउंडेशनचा ट्रेडमार्क आहे आणि त्यांच्या नियमात चिन्हात बदल बसत नाही.

मुंबईतल्या गटांना आपल्या चिन्हात लोकल, गेटवे किंवा सी-लिंक घालायचा मोह होतो. जरूर घाला, पण ते प्रोजेक्टच्या लोगोत मिसळू नका. गटाचं चिन्ह स्वतंत्र असू द्या. आणि गेटवेच्या मागे ताज हॉटेलचा घुमट काढत असाल तर थांबा. ताजमहाल पॅलेसच्या इमारतीचं रूप २०१७ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलंय. अशी नोंद झालेली ती भारतातली पहिली इमारत. दुसऱ्याचं चिन्ह जपायला निघालेल्या गटाने तिसऱ्याच्या चिन्हात पाय अडकवू नये.

गोलातला ‘आर’, म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण, स्वतःहून कुठेही जोडू नका. भारताच्या ट्रेडमार्क कायद्याचं, म्हणजे १९९९ च्या कायद्याचं, कलम १०७ नोंदणी नसलेलं चिन्ह नोंदलेलं आहे असं दाखवण्याविरुद्ध आहे, आणि अमेरिकेत नोंद असली म्हणजे इथे असतेच असं नाही. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय आपल्याच अँटॉप हिलला आहे, पण तिथे जायची गरज नाही. शोध ऑनलाइन आणि फुकट होतो. ट्रेडमार्क वस्तू-सेवांच्या वर्गांनुसार नोंदतात: सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९, तांत्रिक सेवांसाठी ४२, कार्यक्रम-प्रशिक्षणासाठी ४१ आणि कपड्यांसाठी २५ तपासा.

आता फाइल. गुगल इमेजेसमधून काहीही उचलू नका. कुबरनेटीस हे लिनक्स फाउंडेशनच्याच क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनचं प्रोजेक्ट आहे. त्यांच्या गिटहबवर ‘आर्टवर्क’ नावाची रिपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा साठा, आहे. प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आडवा लोगो, उभा रचलेला लोगो आणि नुसतं चिन्ह असे तीन प्रकार मिळतात. प्रत्येक रंगीत, काळा आणि पांढरा. एसव्हीजी आणि पीएनजी दोन्हीत. छपाईसाठी एसव्हीजीच घ्या, ती व्हेक्टर असते, म्हणजे कितीही मोठी केली तरी फुटत नाही. बॅनर आडवा म्हणून आडवा लोगो, तीन फूट रुंद स्टँडीवर उभा, टी-शर्टच्या बाहीवर नुसतं चिन्ह. गडद पार्श्वभूमीवर त्यांनी दिलेली पांढरी आवृत्ती लावा. रंग ‘इन्व्हर्ट’ करून पांढरा होत नाही, निळ्याचा नारिंगी होतो.

इथून पुढे बहुतेक गडबडी लोगोच्या नव्हे तर फाइलच्या असतात. फ्लेक्सवाले बहुतेक कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. एसव्हीजी थेट तिथे उघडली की क्लिप केलेले भाग कधी गायब होतात, आणि मजकूर वेगळ्याच फॉन्टमध्ये येतो कारण तुमचा फॉन्ट त्यांच्या मशीनवर नसतो. म्हणून इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये उघडा, सगळा मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि फॉन्ट लागत नाही. रेषांना ‘स्ट्रोक टू पाथ’ करा, नाहीतर लोगो दहापट मोठा करताना रेषेची जाडी तेवढीच राहते आणि आकार केविलवाणा दिसतो. मग पीडीएफ काढा, आणि सोबत दिसायला कसं हवं त्याची एक पीएनजी द्या म्हणजे ऑपरेटरला ताडून बघता येईल. व्हॉट्सअपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलेली पीएनजी जेपीजी होते, पारदर्शक भाग भरला जातो आणि निळ्या बॅनरवर लोगोभोवती चौकट उमटते. असे बॅनर तुम्ही पाहिले असतीलच. बॅनरवर छायाचित्र असेल तर प्रत्यक्ष मापाला ७२ ते १०० डीपीआय फ्लेक्सला पुरतं. लोगो व्हेक्टर असला की हा प्रश्नच येत नाही.

रंगावर जरा वेळ घालवा, कारण ओळख तिथेच बिघडते. कुबरनेटीसचा निळा पडद्यावर आरजीबी ५०, १०८, २२९ आहे. साध्या गणिताने सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या टक्क्यांत, तो सायन ७८, मजेंटा ५३, पिवळा ०, काळा १० असा येतो. इतका तेजस्वी निळा चार शाईत मिळत नाही. त्यात सायन आणि मजेंटात ३० पेक्षा कमी अंतर पडलं की छापील निळा जांभळ्याकडे झुकतो. मजेंटा ४५ च्या आसपास आणून नमुना छापून घ्या. फाउंडेशनने छपाईचे आकडे दिले असतील तर अर्थात तेच वापरा. इंकस्केपची एसव्हीजी आरजीबीतच असते, म्हणून सीएमवायके पीडीएफ हवी तर लोगो स्क्राइबस या फुकट मिळणाऱ्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून तिथे रंगाचे आकडे ठरवा आणि निर्यात करा. लोअर परळला छापा की गिरगावात, ए४ मापाचा नमुना त्याच मशीनवर, त्याच मटेरियलवर मागा. कागदावरचा नमुना फ्लेक्सबद्दल काही सांगत नाही.

टी-शर्टचं गणित वेगळं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला एक स्क्रीन, म्हणजे जाळीचा साचा, लागते, आणि गडद कापडावर रंगांखाली पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, म्हणजे आणखी एक. खर्च वाचवायचा तर एकरंगी पांढरी आवृत्ती घ्या. दोन रंगांतला एक स्वतःच्या मनाने उडवू नका. अगदी बारीक रेषा कापडावर टिकत नाहीत, एक पॉइंटच्या खाली जाऊ नका. छातीवर डाव्या बाजूला ३ ते ३.५ इंच रुंदी पुरते. डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर उमटवणं) करत असाल तर पीएनजीच्या कडा तपासा: अर्धपारदर्शक पिक्सेल, म्हणजे सावली किंवा धूसर कड, यांच्याखाली पांढरी शाई जाते आणि लोगोभोवती खरबरीत झालर दिसते. भरतकामात ५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं बुजतात. तिथे नुसतं चिन्ह बरं.

नावाची अक्षरं देवनागरीत पुन्हा काढून लोगोत बसवू नका. बॅनरच्या मजकुरात ‘कुबरनेटीस’ देवनागरीत लिहायला हरकत नाही, आणि माझ्या मते मराठी कार्यक्रमात ते तसं लिहावंच. फक्त ते साध्या अक्षरांत, लोगोपासून सुटं असावं.

मांडणीत सगळ्यात जास्त चुकतं ते प्रायोजकांच्या ओळीत. अंधेरीतल्या कंपनीने जेवण दिलं, पवईतल्या कंपनीने जागा दिली आणि या दोन कंपन्यांचे आणि प्रोजेक्टचा असे तिन्ही लोगो एका ओळीत सारख्या आकारात लागले, तर बघणारा समजतो की फाउंडेशनही प्रायोजक आहे, किंवा त्या कंपन्यांना फाउंडेशनची मान्यता आहे. दोन्ही खोटं. प्रोजेक्टचा लोगो वर, विषयाच्या शेजारी. खाली ‘प्रायोजक’ असं लिहून कंपन्यांची ओळ. गटाचं नाव सगळ्यांत ठळक, कारण कार्यक्रम तुमचा आहे. लोगोभोवती किती जागा रिकामी सोडायची ते मार्गदर्शिकेत असतं. नसेल तर लोगोतल्या एखाद्या मोठ्या अक्षराच्या उंचीइतकी चारही बाजूंनी सोडा. आणि तळाशी, हँडआउटवर किमान ८ पॉइंटमध्ये, एवढं छापा: ‘कुबरनेटीस हे नाव व चिन्ह लिनक्स फाउंडेशनचे ट्रेडमार्क आहेत. हा कार्यक्रम स्थानिक गट स्वतंत्रपणे घेत आहे.’

कार्यक्रमाच्या नावाबद्दल: ‘मुंबईत कुबरनेटीस शिकूया’ हे वर्णन झालं. ‘कुबरनेटीस कम्युनिटी डेज’ हा मात्र क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनचा स्वतःचा उपक्रम आहे. त्या नावासाठी अर्ज करावा लागतो. अपाचे फाउंडेशनचं प्रोजेक्ट असतं तर त्यांचं कार्यक्रमांसाठीचं ब्रँडिंग धोरण वेगळं वाचावं लागलं असतं.

परवानगीचं पत्र लहान ठेवा, पण त्यात हे सगळं असू द्या: गट कोणता, तारीख आणि जागा, प्रवेश फुकट की तिकीट, प्रायोजक कोण, टी-शर्ट किती आणि विकणार की वाटणार, आणि मुख्य म्हणजे बॅनर-टी-शर्टच्या आराखड्याची पीडीएफ. आराखडा नसला की दोन-तीन पत्रं नुसती प्रश्नोत्तरात जातात. पलीकडे अनेकदा स्वयंसेवक असतात, म्हणून तीन-चार आठवडे आधी लिहा. उत्तर आलं नाही तर तो होकार धरू नका. लोगोशिवाय, नुसत्या नावाने चालणारी दुसरी रचना पहिल्यापासून तयार ठेवा, आणि टी-शर्टवाल्याला स्क्रीन बनवायला सांगण्याआधी कोणती रचना जाणार ते नक्की करा. स्क्रीन झाल्यावर बदल केला तर तिचे पैसे पुन्हा भरावे लागतात.