व्हाउचर कुठे आहे?

"बाबा दिवसभर त्या एका यूट्यूबवाल्याचं ऐकत बसतात. आम्ही काही बोललो की म्हणतात, तुम्हाला काही कळत नाही. कसं समजवायचं त्यांना?"

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या घरांतून आलाय, की इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या या सूनबाईनं तो विचारला तेव्हा माझं उत्तर तोंडाशी तयार होतं. तीच माझी चूक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

सासरे बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या आसपासचे. २०२१ ची कोविडची दुसरी लाट म्हणजे आजार नव्हताच, फाइव्ह-जी टॉवरची गुप्त चाचणी होती, असं तो यूट्यूबवाला सांगायचा. काका रात्री वायफाय बंद करायचे, समोरच्या गच्चीवरच्या टॉवरविरुद्ध नगर निगममध्ये अर्ज द्यायचे. घरच्यांनी तेही चालवून घेतलं. पण नातवाचा गोवर-रुबेलाचा डोस त्यांनी अडवला आणि घर पेटलं. सूनबाई बातम्यांच्या लिंका पाठवायची, काका न उघडताच पुसून टाकायचे.

"मला वेडा ठरवायला आणलंय ना?" आल्या आल्या त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि लगेच वेड्यासारखी तारखा सांगत सुटले. भारतात फाइव्ह-जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. मे २०२१ मध्ये कंपन्यांना नुसती चाचणीची परवानगी मिळाली होती, आणि चाचण्या कुठेही सुरू झालेल्या नाहीत असं दूरसंचार विभागानं १० मेला जाहीर केलं होतं. लाट तर एप्रिलमध्येच अंगावर आली होती.

काकांनी ऐकून घेतलं. "सरकार असंच सांगणार, ताई. व्यापमं पण आधी अफवाच होती."

व्यापमं म्हणजे मध्य प्रदेशातला प्रवेश आणि भरती परीक्षांचा घोटाळा. इंदूरच्या माणसानं त्याचं नाव काढलं की समोरच्याला गप्प बसावं लागतं. मीही बसले. कट होतात, आपल्या शहरात झालेत. ते नाकारून काकांशी बोलणं पुढे गेलंच नसतं.

पुढच्या भेटीत मीच विचारलं, व्यापमं उघडं कसं पडलं? काकांना सगळं पाठ होतं. जुलै २०१३ मध्ये इथल्याच पोलिसांनी पीएमटीला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, दुसऱ्यांच्या नावावर बसायला आलेले वीस जण पकडले, मग एफआयआर, अटका, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तपास सीबीआयकडे दिला.

"म्हणजे माणसं सापडली, कागद निघाले."

"निघाले ना."

"काका, बँकेत व्हाउचर नसताना एन्ट्री पास करायचात?"

ते पहिल्यांदा हसले. "घरी पाठवलं असतं मला."

म्हटलं, मग या माणसाचंही खातं तपासा. तो काय म्हणाला ते तारखेसकट लिहा, पुढे व्हाउचर, म्हणजे पुरावा, काय दिलं ते लिहा. तिसऱ्या रकान्यावर मी अडून बसले: हे खोटं असतं, तर कशावरून कळलं असतं? परीक्षेला बसलेला पोरगा खरा निघाला असता, तर पोलिसांचा आरोप तिथंच पडला असता. टॉवरच्या गोष्टीला पडायला जागाच ठेवलेली नाही. उलटा पुरावा आला की तोही कटातच सामील.

तीन आठवड्यांनी काका लेजरसारख्या रेघा मारलेली वही घेऊन आले. सतरा दावे. तिसरा रकाना जवळपास कोरा. "चार वेळा म्हणाला, येत्या महिन्यात भांडं फुटणार. फुटलं नाही, आणि पुढच्या व्हिडिओत त्याचा उल्लेखही नाही. शेवटी काढ्याची जाहिरात मात्र दर वेळी. त्याची पक्की पावती मिळते."

मला वाटलं, जिंकलो. पण वही भरूनही व्हिडिओ बघणं सुटलं नव्हतं. ज्या माणसाचा हिशेब जुळत नाही हे स्वतः लिहून काढलं, त्याला रोज दोन तास का ऐकायचं? मी तसंच विचारलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग एप्रिल २०२१ बाहेर आला.

धाकटा भाऊ दवाखान्यात होता. तेव्हा कोविडवर दिलं जाणारं रेमडेसिविर कुठेच मिळत नव्हतं. काकांनी कुणाकुणाला धरून, अव्वाच्या सव्वा पैसे मोजून इंजेक्शनं आणली. भाऊ गेला. पुढच्याच महिन्यात पेपरात आलं की मीठ आणि ग्लुकोज भरलेल्या बनावट कुप्या गुजरातेतून इंदुरात विकल्या गेल्या. एक रिकामी कुपी काकांनी कपाटात जपून ठेवली होती. मुलालाही ठाऊक नव्हतं.

दोष टॉवरचा असला, तर कुपीत काय होतं हे विचारायची गरजच उरत नाही. त्या यूट्यूबवाल्याकडून काका हेच घेत होते, आणि ते कुठल्याही लिंकेनं सुटणार नव्हतं.

मी त्यांना एक गोष्ट सांगितली, तीही तारखेसकट, कारण आता त्यांना तशीच चालायची. रेमडेसिविरनं जीव वाचतो असा पुरावा हाती नाही, म्हणून दवाखान्यातल्या कोविड रुग्णांना ते देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता. पुढे २०२२ मध्ये नवे निष्कर्ष आल्यावर तो सल्ला बदलला, हेही सांगितलं. लपवलं असतं तर माझं व्हाउचर खोटं ठरलं असतं. पण त्या एप्रिलमध्ये, अस्सल कुपीनं भाऊ वाचलाच असता असं कुणीही छातीठोक सांगू शकलं नसतं.

"मग आम्ही सगळे पळत कशाला होतो?" काकांनी विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी ते भावाबद्दल तासभर बोलले.

सूनबाईला सांगितलं, लिंका बंद कर आणि काकांच्या भावाबद्दल विचार. नातवाचा डोस झाला, काकाच घेऊन गेले. वायफाय अजून रात्री बंद असतं. त्यावर मी काही म्हटलं नाही. झोप चांगली लागते म्हणे.