राष्ट्रीय ओळखपत्र सक्तीचे केले, तर प्रामाणिक माणसाने घाबरावे कशाला?

आपण प्रश्नाखाली लिहिले आहे की, ज्याला काही लपवायचे नाही त्याला कार्ड दाखवायला हरकत नसावी, आणि विरोध करणारे एकतर कर बुडवणारे असतात किंवा उगाच पाळतीचा बाऊ करणारे. नेमके हेच वाक्य माझा थोरला भाऊ गेली काही वर्षे मला ऐकवत आला आहे, म्हणून उत्तर लिहायला बसलो. पाळतीविषयी मी थोडक्यातच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले, तेव्हा तो बाऊ नव्हे, एवढे तरी ठरलेले आहे. माझी तक्रार पाळतीबद्दल नाही. प्रामाणिक माणसाला एकच नाव आणि एकच जन्मतारीख असते, असे आपण गृहीत धरले आहे, तिथे माझे अडते.

माझ्या आईचे माहेरचे नाव कमल. 1964 साली लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘सुनंदा’ असे लिहिले आणि त्या क्षणापासून सासरी ती सुनंदा झाली. हे कोणी कुठे नोंदवले नाही, नोंदवायचे असते हेही कोणाला ठाऊक नव्हते. पुढे वडिलांनी कार्यालयात कुटुंबाची माहिती भरून दिली तेव्हा पुरावा म्हणून तिचा चौथीचा शाळेचा दाखला जोडला, त्यामुळे सेवापुस्तकात ती कमल राहिली. शिधापत्रिकेवर मात्र सुनंदा. 2011 साली आमच्या गिरगावातील चाळीत आधारचे शिबिर भरले, तेव्हा तिने शिधापत्रिका पुढे केली. जन्मतारीख विचारल्यावर ती म्हणाली, “श्रावणातली आहे.” श्रावण त्या संगणकात बसेना. तेव्हा शिबिरात नोंदणी करणाऱ्या मुलाने तिच्या वयाचा अंदाज घेऊन 1 जानेवारी 1946 ही तारीख टाकली. शाळेच्या दाखल्यावर 9 ऑगस्ट 1945 आहे. नाव त्याने रोमन लिपीत टंकले आणि मराठीची ओळ यंत्राने आपोआप तयार केली, ती निघाली ‘सुनांदा’. म्हणजे कमल, सुनंदा आणि सुनांदा अशा तीन बायका आमच्या दीड खोलीत एकाच वेळी राहू लागल्या.

फेब्रुवारी 2018 मध्ये वडील गेले. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला, तर कागदोपत्री विधवा कमल होती आणि अर्ज करणारी सुनंदा. तिथल्या माणसाने उद्धटपणा केला नाही, आवाजही चढवला नाही. “नाव जुळत नाही, दुरुस्त करून आणा,” एवढेच तो म्हणाला. हे वाक्य मला पाठ होते, कारण मी स्वतः एका बँकेच्या खिडकीवर बसून वर्षभर ते लोकांना म्हणत होतो. जून 2017 मध्ये खाते आधारशी जोडणे सक्तीचे झाले, 31 डिसेंबर ही मुदत ठरली, आणि त्या काळात छायाप्रतींचे गठ्ठे स्वीकारताना किती म्हाताऱ्या बायकांना मी परत पाठवले याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्यांतल्या बहुतेकींचे नाव लग्नात बदललेले असणार, हे मला मराठी घरात जन्मून त्या खिडकीवर एकदाही सुचले नाही.

दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे लागेल, असे कळले. किल्ला कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली बसणाऱ्या एका टंकलेखकाकडे मी आईला घेऊन गेलो. त्याने 100 रुपयांचा स्टॅम्प पेपर यंत्रात सरकवला, ठरलेला मजकूर बडवला आणि कागद तिच्यापुढे धरला. ‘मी, कमल ऊर्फ सुनंदा’ अशी त्याची सुरुवात होती. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि विचारले, “हे ऊर्फ कशाला? ऊर्फ तर पेपरात गुंडांच्या नावात असतं.” तो म्हणाला, “आजी, टाकावंच लागतं.” तिने सही केली, पण परतताना बसमध्ये अवाक्षर बोलली नाही. एवढ्यावर भागले नाही, राजपत्रातही जाहिरात द्यावी लागली. त्यात ‘जुने नाव’ आणि ‘नवे नाव’ असे दोन रकाने असतात, आणि चोपन्न वर्षे वापरलेले सुनंदा हे नाव ‘नवे’ म्हणून छापून आले. निवृत्तिवेतन सुरू व्हायला सात महिने लागले. थकबाकी मिळाली, पैसे बुडाले नाहीत, हे मान्य करतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आधार हे काटेकोरपणे राष्ट्रीय ओळखपत्र नव्हेच, कारण 2016 च्या आधार कायद्याचे कलम 9 सांगते की तो क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. आपण विचारता ते कार्ड नागरिकत्व कायद्यात 2003 सालच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 14 क मध्ये आहे, ज्याने प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंद करून ओळखपत्र देण्याचा अधिकार केंद्राला दिला. शिधा किंवा निवृत्तिवेतन अडणे वेगळे आणि नागरिकत्वच कागदावर अडणे वेगळे, हा फरक ज्याच्या घरी तीन सुनंदा आहेत त्याला चटकन कळतो.

सक्ती एकदा आली की तिचे काम वाढत जाते, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये 1939 साली युद्धासाठी ओळखपत्र आले, युद्ध संपूनही ते राहिले, आणि पोलीस रस्त्यावर ते सर्रास मागू लागले. 1950 साली क्लॅरेन्स विलकॉक या मोटारचालकाने ते दाखवायला नकार दिला. न्यायालयात तो हरला, पण मुख्य न्यायमूर्ती गॉडर्ड यांनी सुनावले की, अशा वापराने कायदा पाळणारी माणसेच कायदा मोडणारी ठरतात. 1952 मध्ये ते कार्ड बंद झाले. पुढे 2006 साली पुन्हा कायदा आणला, तोही 2010 मध्ये रद्द केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 26 सप्टेंबर 2018 च्या निकालाने, चार विरुद्ध एक अशा बहुमताने, आधार टिकले, बँक आणि सिमकार्डाची सक्ती गेली, पण पॅन व सरकारी लाभ यांच्याशी असलेली जोडणी राहिली. 2019 च्या दुरुस्तीने बँकेतला वापर ‘ऐच्छिक’ झाला. खिडकीवर हा शब्द कसा उच्चारतात, ते मी जवळून ऐकले आहे.

ओळखपत्र नकोच, असे माझे म्हणणे नाही. आई आता नोव्हेंबरात नातीच्या फोनवर चेहरा दाखवून घरबसल्या हयातीचा दाखला देते, पूर्वी त्यासाठी रांगेत उभे राहावे लागे. माझा विरोध आहे तो पर्याय न ठेवणाऱ्या सक्तीला, आणि यंत्रातील चूक दुरुस्त करण्याचे ओझे ज्याच्यावर चूक लादली त्याच्याच डोक्यावर टाकण्याला.

आपल्या घरातील बायकांचे शाळेचे दाखले आणि आधार आजच शेजारी ठेवून पाहा. आधारमध्ये नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यापुढे विशेष परवानगी लागते, म्हणून पहिली दुरुस्ती घाईने करू नका. माझ्या भावाचे मत असे की, मी आईचे कागद वेळेवर केले नाहीत म्हणून हे घडले. तो बोरिवलीला राहतो आणि हे उत्तर वाचण्याची शक्यता आहे, म्हणून लिहून ठेवतो. दादा, 1989 साली तूही तांदळावर वहिनीचे नवे नाव लिहिलेस, मी शेजारीच उभा होतो. तिच्या दाखल्यावर कोणते नाव आहे आणि तुझ्या सेवापुस्तकात कोणते, ते मी गणपतीत तुला विचारले होते, आणि तू अजून कपाट उघडलेले नाहीस.