सहा वर्षांच्या मुलीला ज्वालामुखी कसा समजावून सांगावा?

मी लहान मुलांना शिकवते. ज्वालामुखीजवळही माणसं राहतात हे ऐकून तुमची मुलगी विचारते आहे, ‘मग तिथली माणसं निघून का जात नाहीत?’ तिचा हा प्रश्न फार चांगला आहे, तो टाळू नका.

आधी डोंगराच्या पोटात काय चालतं ते दाखवा. त्यासाठी व्हिनेगर आणि खायच्या सोड्याचा प्रयोग मला पुरेसा वाटत नाही. त्यातून मुलांना वाटतं की डोंगरात वरून कुणीतरी काहीतरी ओतलं. त्यापेक्षा सोडावॉटरची बाटली हलवून उघडा. जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातही वायू असाच दबून असतो. खडक वर येऊ लागला, दाब कमी झाला, की हा वायू फसफसून सुटतो. मग प्युमिसचा, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेला हलका, भोकाभोकांचा दगड तिच्या हातात द्या. त्यातली भोकं म्हणजे त्याच वायूचे बुडबुडे. तो पाण्यात टाकून तरंगताना पाहिला की मुलं बराच वेळ दुसरं काही ऐकत नाहीत. ऐकूही नये, बघू द्या.

आता तिचा प्रश्न. ज्वालामुखीची राख वर्षानुवर्षं झिजते आणि सुपीक माती होते, म्हणून तिथे शेती पिकते. शिवाय घर, शाळा, आजी-आजोबा तिथेच असतात. जपानमधल्या साकुराजिमा या ज्वालामुखीची गोष्ट सांगा. तिथली मुलं हेल्मेट घालून शाळेत जातात, अंगणातली राख गोळा करायला नगरपालिका खास पिशव्या देते आणि दरवर्षी सुरक्षित जागी जायचा सराव होतो.

आइसलँडचं हेमाए बेटही सांगण्यासारखं. १९७३ च्या जानेवारीत मध्यरात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी बंदरातच होत्या. त्यांतून, आणि काही जण विमानाने, अशी सुमारे ५,३०० माणसं त्याच रात्री बाहेर पडली. पुढे बंदर वाचवायला लोकांनी लाव्हावर समुद्राचं पाणी मारलं आणि उद्रेक थांबल्यावर बरेच जण परत आले.

‘काहीच होत नाही’ असं मात्र सांगू नका, ते खरं नाही. शास्त्रज्ञ भूकंपाचे हादरे, जमिनीचं फुगणं आणि वायू मोजत असतात, त्यावरून बऱ्याचदा आधी इशारा देता येतो, एवढं सांगा. इटलीतल्या पॉम्पेई शहरात राखेखाली मेलेल्या माणसांचे साचे या वयात दाखवायला नकोत.

शेवटी तिला डोंगर, घर आणि बाहेर पडायचा रस्ता काढायला लावा, आणि पिशवीत काय घ्यायचं ते विचारा. आधी सगळी खेळणी भरली जातील. पाणी, टॉर्च, मास्क तिचं तिला आठवू द्या.