नव्या जन्माची तारीख आणि एक जून

"ताई, माझा नवा जन्म खरंच झालाय का, हे मला कळणार कसं?"

नवा जन्म म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून माणूस आतून नव्यानं जगायला लागतो तो. गेल्या महिन्याभरात हा प्रश्न मी तिघांकडून ऐकला. एक कॉलेजातली मुलगी, एका पाळकांची पत्नी आणि एक निवृत्त हेडमास्तर. बावीस वर्षं ख्रिस्ती कुटुंबांचं समुपदेशन करतेय, त्यात नवरा-बायकोच्या भांडणाखालोखाल कुठला विषय येत असेल तर हाच. लोक तो दबक्या आवाजात काढतात. जन्मापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असलेल्या माणसाला असं विचारायची लाज वाटते. म्हणून एक गोष्ट लिहिते. ज्यांची आहे त्यांना विचारून लिहिते, आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

त्यांना आपण पेटीवाले भाऊ म्हणू. वय सत्तेचाळीस, नगरकडचे. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 साली आलं, आणि यांच्या घरात बाप्तिस्मा आला तो पणजोबांच्या वेळी. यांचा स्वतःचा बाप्तिस्मा तान्हेपणी, दृढीकरण, म्हणजे तो विश्वास मोठेपणी स्वतःच्या तोंडानं कबूल करण्याचा विधी, सोळाव्या वर्षी. रविवारच्या उपासनेत पेटी यांची, मंडळीचा हिशेब यांच्याकडे, नाताळात गव्हाणीचा देखावाही हेच करणार. अशा माणसाच्या तारणाबद्दल, म्हणजे उद्धाराबद्दल, कुणाला शंका येत नाही. त्यांनाही आली नव्हती.

मग मंडळीत तीन दिवसांची उज्जीवन सभा झाली, विश्वास पुन्हा जागवण्यासाठी भरवतात तशी. शेवटच्या रात्री बाहेरून आलेले वक्ते म्हणाले, "ज्यांना आपल्या नव्या जन्माची तारीख माहीत आहे, त्यांनी हात वर करा." भाऊंच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीचा हात झटकन वर गेला. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, तिथल्या एका फेलोशिपमध्ये, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनागटात, जाणारी. परतताना रिक्षात तिनं सहज विचारलं, "पप्पा, तुमची तारीख कुठली?"

भाऊंनी दुसऱ्या दिवशी एक डायरी आणली. रोज रात्री सगळे झोपले की ख्रिस्ताला स्वीकारण्याची प्रार्थना करायची आणि ती लागली असं वाटलं की तारीख लिहायची. माझ्याकडे आले तेव्हा डायरीत चार तारखा होत्या, तीन खोडलेल्या. चौथीपुढे प्रश्नचिन्ह. दोन महिन्यांपासून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेणं बंद केलं होतं. पेटीवर बसायचे, आणि लोक वेदीकडे निघाले की वाजवत राहायचे. वाजवणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी त्यांना विचारलं, "तुमच्या आईंचा वाढदिवस कधी?"

"एक जून." मग स्वतःच हसले. "म्हणजे शाळेच्या दाखल्यावर. मास्तरांनी लावलेली तारीख."

आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला का असतो ते वाचकांना सांगायला नको. शाळेत घालायला नेलं, तारीख कुणाला ठाऊक नाही, मास्तरांनी एक जून ठोकून दिला. "पण आई जन्मल्या होत्या ना?" मी म्हटलं. "भाकरी थापत होत्या, तुम्हाला वाढवत होत्या. दाखल्यावरून कुणी तपासलं नाही."

हे उदाहरण मी पुष्कळांना देते आणि ते पोचतं. त्यांनाही पोचलं. पुढच्या दोन बैठकांत मी माझ्या पोतडीतलं बाकीचंही काढलं. बायबलमधला यहूदी पुढारी निकदेम घ्या. योहानाच्या शुभवर्तमानात तो तीनदा भेटतो. तिसऱ्या अध्यायात रात्री येशूकडे येतो आणि म्हातारपणी माणूस पुन्हा कसा जन्मेल म्हणून वाद घालतो. तिथे मूळ ग्रीक शब्दाचे अर्थ दोन, 'पुन्हा' आणि 'वरून'. निकदेम पहिला धरून बसतो, प्रभू येशू दुसऱ्याकडे नेऊ बघतो. सातव्या अध्यायात सभेत तो एक चाचरतं वाक्य बोलतो, ऐकून घेतल्याशिवाय आपला कायदा कुणाला दोषी ठरवतो का, एवढंच. आणि एकोणिसाव्यात येशूच्या दफनासाठी गंधरस आणि अगरू घेऊन येतो, शंभर रोमन रत्तल, आजच्या हिशेबाने तीस किलोंच्या वर. एवढं ओझं लपवून नेता येत नाही. यातल्या कुठल्या दिवशी तो नव्याने जन्मला? योहान सांगत नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाचेक वर्षांनी, एकेक विटाळ टाकत टाकत. आता ज्यांना तारीखच हवी त्यांच्यासाठी मेथडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली आहेत. 24 मे 1738, लंडन, संध्याकाळी पावणेनऊच्या सुमारास. इतकी चोख नोंद कुणाची नसेल. पण त्याच वेस्लींनी पुढच्या जानेवारीत आपण ख्रिस्ती नाही असंही रोजनिशीत लिहिलं. तारीख हातात असूनही.

भाऊ मान डोलवायचे. जाताना म्हणायचे, "ताई, आज हलकं वाटलं." आणि पुढच्या वेळी, "मंगळवारपर्यंत टिकलं."

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. माझी उत्तरं चांगली होती, अजूनही चांगलीच आहेत, आणि त्यांना दाद मिळत होती. ती दाद मला आवडत होती. तीन बैठका मी या माणसाला धीर देत राहिले. दर आठवड्याला तोच धीर नव्याने लागत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं.

चौथ्या बैठकीत मी निकदेमाला घरी ठेवलं. विचारलं, "भाऊ, समजा आत्ता वरून चिठ्ठी आली. सही-शिक्क्याची. तुमचा नवा जन्म अमुक तारखेला झाला, शंका नको. उद्या सकाळी उठून काय करणार?"

भाऊंना एक सवय होती. बोलताना उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर पेटी वाजवत असायची, आवाज न करता. मला तोवर ती नुसती सवय वाटत होती.

"श्रीरामपूरला जाईन," ते म्हणाले. आणि बोटं थांबली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू हे दुसऱ्याच कुणी बोललं होतं.

"श्रीरामपूरला कोण आहे?"

"धाकटी बहीण."

मी काही बोलले नाही. या धंद्यात गप्प बसणं शिकायला मला दहा वर्षं लागली. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. चौथीच्या आधी भाऊ बोलायला लागले.

आईच्या चार पाटल्या होत्या. आठ तोळे. जाताना आईनं सांगितलं होतं, दोन तुझ्या, दोन तिच्या. त्याच वर्षी मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश. भाऊंनी चारही पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या, सोडवू सोडवू म्हणत राहिले, आणि शेवटी त्या लिलावात गेल्या. बहिणीला सांगितलं, आईच्या दवाखान्याला लागल्या.

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, दवाखान्याला लागल्या ना, मग राहू दे दादा." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "भांडली असती तर बरं झालं असतं."

थोड्या वेळानं त्यांनीच वचन काढलं. "पण ताई, ख्रिस्तात नवी उत्पत्ती, जुनं ते होऊन गेलं, असं आहे ना?"

"आहे. पण तिच्या मनगटावर काय आहे?"

तेव्हा मला उलगडलं की हा माणूस तारीख कशासाठी शोधत होता. खजिनदारच तो. त्याला अशी तारीख हवी होती जिच्या आधीचं खातं बंद करता येईल. पाटल्या तारखेच्या अलीकडे, आपण पलीकडे. म्हणून प्रत्येक तारीख लिहून खोडावी लागत होती. कुठलीही लिहिली तरी पाटल्या तिच्याबरोबर पलीकडे येत होत्या. आणि पाटल्यांच्या पैशावर शिकणाऱ्या मुलीनंच रिक्षात तो प्रश्न विचारला होता, तिला काही माहीत नसताना.

माझं मत मी लपवत नाही. भावनेचा पाठलाग करून कुणी समर्पणापर्यंत पोचताना मी पाहिलेलं नाही. हात आणि पाय आधी जातात, मन मागून येतं, कधी कधी बरंच मागून. समर्पणाच्या सभेत आपण 'प्रभू, सर्व काही तुझं' म्हणतो. त्या 'सर्व'ची यादी कुणी करत नाही. मी करायला लावते, तीही उलटी: या 'सर्व'मधून काय वगळलंय? कागद बराच वेळ कोरा राहतो. मग एखादं नाव येतं, एखादा सातबारा, फोनमधला एखादा नंबर. संपूर्ण मन म्हणजे फार मोठं मन नव्हे. एक खोली कुलूप लावून न ठेवलेलं मन. बायबलमधल्या जक्कयाचं बघा, लोकांना लुबाडणारा श्रीमंत जकातदार. झाडावर चढला त्याचं आपण रविवारच्या शाळेत चित्र रंगवतो, पण घराला आज तारण मिळालं असं प्रभू म्हणतो ते कधी? जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याची गोष्ट काढल्यावर. त्यानं तारण विकत घेतलं असा याचा अर्थ नाही, प्रभू तर आधीच त्याच्या घरी उतरला होता. पण पाहुणा घरात आल्यावर जक्कयाला आपल्या तिजोरीकडे बघवेना.

भाऊंनी अगदी हेच विचारलं. "पैसे दिले की शांती मिळेल का?"

"ठाऊक नाही. शांतीसाठी देऊ नका. तिचे आहेत म्हणून द्या."

आता जे वाचक हे वाचून स्वतःच्या घरात पाटल्या शोधायला लागले असतील, त्यांनी थांबावं. प्रत्येकाच्या घरात पाटल्या नसतात. सुरुवातीला सांगितलेल्या तिघांपैकी त्या कॉलेजातल्या मुलीकडे लपवलेलं काही नव्हतं. ती रोज रात्री तीच प्रार्थना चाळीस-चाळीस वेळा म्हणत होती, एक शब्द चुकला की पहिल्यापासून. तिला मी पाप शोधायला लावलं असतं तर तिनं शंभर शोधून आणली असती, आणि सगळी खोटी. तिला मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं, औषध सुरू आहे, झोप लागायला लागली आहे. 'विश्वास कमी पडतो' म्हणणाऱ्या नातेवाइकांना दोन शब्द मी फोनवर सुनावले, ते इथे लिहीत नाही. फरक कसा ओळखायचा? तिला कशाबद्दल भीती वाटते ते विचारलं की ती दरवेळी नवं काहीतरी सांगते. भाऊंना विचारलं की ते दरवेळी एकाच जागेपाशी येऊन गप्प व्हायचे. आणि हेडमास्तरांना तर फक्त एक जूनची गोष्ट पुरली. ते मोठ्यानं हसले, कारण अशा शेकडो तारखा त्यांनी स्वतःच्या हातानं लावल्या होत्या.

वक्त्यांना एक विनंती. हात वर करायला सांगणं सोपं असतं, पण ज्यांचे हात वर होत नाहीत ते घरी जाऊन काय करतात हे बघायला तुम्ही गावात नसता. आणि मुलांनी आई-बापाला असा प्रश्न जरूर विचारावा. भाऊंच्या मुलीचं मी कौतुकच केलं. फक्त उत्तर आलं नाही तर रिक्षात बसल्या बसल्या निकाल लावू नये.

भाऊंनी श्रीरामपूरला जायला तरी तीन आठवडे लावले. आधी मुलीला सांगितलं. ती रडली, मग आपण सुट्टीत शिकवण्या घेऊ म्हणाली. त्यानंतरच्या शनिवारी ते बसनं गेले, हातात पेढे घेऊन. पेढे नको होते, असं नंतर स्वतःच म्हणाले.

बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं." तिच्या नणंदेचा मुलगा त्याच पतसंस्थेत कामाला होता. 'राहू दे दादा' म्हणाली तेव्हा तिला लिलावाचा दिवससुद्धा ठाऊक होता. "तेव्हापासून बघतेय, कधी तोंड उघडतोस."

मिठी वगैरे काही झालं नाही. ती चिडली, आणि अगदी व्यवस्थित चिडली. दोन पाटल्या म्हणजे चार तोळे, आणि भाव लिलावाच्या वेळचा नाही, आजचा. भाऊंनी मान्य केलं. दर महिन्याला हप्ता ठरला. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा बोटं पुन्हा टेबलावर चालत होती. डायरीचं काय झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या वेळी पेटी मध्येच थांबली आणि मंडळीला एक कडवं नुसतंच म्हणावं लागलं, एवढं पाळकांकडून कळलं.

पहिला हप्ता द्यायला भाऊ स्वतः गेले. बहिणीनं नोटा दोनदा मोजल्या, कपाटात ठेवल्या आणि म्हणाली, "बस, चहा टाकते. पुढच्या वेळी येताना त्या दिवशीचा भाव बघून ये."